झाळीचा धूर अंगात किती काळ राहतो?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): माझे वडील, वय ५४, तीस वर्षांपासून सोन्याचे कारागीर आहेत. घराच्या माळ्यावर दहा बाय दहा फुटांची खोली आहे, तिथेच त्यांचे झाळकाम, म्हणजे दागिन्याचे भाग वितळलेल्या धातूने जोडण्याचे काम, चालते. केडीएमची, म्हणजे कॅडमियम घातलेली झाळ ते स्वतः बनवतात. गावातल्या बऱ्याच जणांनी ती सोडली, पण बाबांच्या मते तिच्यासारखी सफाई दुसऱ्या कोणत्याही झाळीला येत नाही. ‘धूर दिसला की मी मान फिरवतो, आणि रात्री गुळाचा खडा खातो, सगळे धुऊन निघते,’ असे ते सांगतात. मध्यंतरी चार महिने हाताला काम नव्हते, तेवढ्यात शरीर साफ झाले असणार, असेही त्यांना वाटते. ते रोज दहा-बारा बिड्या ओढतात. दोनदा मुतखडा झाला आहे. हल्ली दूध उतू जाऊन करपले तरी त्यांना वास येत नाही. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन निगेटिव्ह आले. माळा आई झाडते. तिचे हिमोग्लोबिन ९ आहे. हा धूर शरीरात कसा जातो, किती राहतो आणि कोणती तपासणी करावी? असा दागिना घालणाऱ्यालाही त्रास होतो का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. घडून, झाळून, घासून तयार झालेल्या दागिन्यातले कॅडमियम धातूत अडकलेले असते. ते धूर होऊन उडत नाही आणि धडधाकट कातडीतून शरीरात फारसे शिरत नाही. लहान मूल असा दागिना तोंडात धरून चघळणार नाही एवढे पाहिले की घालणाऱ्याची काळजी संपली. धोका आहे तो घडवणाऱ्याला, आणि पुढे कधीतरी तो दागिना वितळवणाऱ्याला. तुमच्या जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातील गलाई, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणारे, कारागीर देशभर पसरलेले आहेत. जुना केडीएम दागिना त्यांच्या मुशीत पडतो तेव्हा झाळीतले कॅडमियम तिथे पुन्हा हवेत येते.

आता बाबांकडे वळू. चार महिने काम नव्हते, तेवढ्यात शरीर साफ झाले असणार, हा त्यांचा समज मला गुळाच्या खड्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. गुळाने निदान नुकसान तरी होत नाही. या समजामुळे मात्र माणूस निर्धास्त होऊन पुन्हा त्याच धुरात बसतो. श्वासावाटे आत गेलेल्या कॅडमियमचा हिशेब महिन्यांत मांडता येत नाही. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायला साधारण दहा ते तीस वर्षे लागतात. बाबांनी आज फुंकणी खाली ठेवली आणि पुन्हा कधीच उचलली नाही, तरी त्यांच्या सत्तरीत आजच्या साठ्यातला मोठा भाग मूत्रपिंडातच असेल.

असे का होते ते समजण्यासाठी मुशीपासून सुरुवात करावी लागेल. कॅडमियम ३२१ अंश सेल्सियसला वितळते आणि साधारण ७६७ अंशांना उकळते. सोने वितळायलाच १०६४ अंश लागतात. म्हणजे वितळलेल्या सोन्यात कॅडमियमचा तुकडा टाकणे हे तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब टाकण्यासारखे आहे. त्यातला काही भाग सोन्यात मिसळायच्या आधीच वाफ होऊन उडतो. ही वाफ हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तिचे कॅडमियम ऑक्साइड होते. मुशीच्या आसपास किंवा भिंतीवर बसलेली तपकिरी भुकटी तुमच्या पाहण्यात आली असेल, तर ती बहुधा हीच असावी. म्हणून बाबांना एक गोष्ट आवर्जून विचारा: ते झाळ किती दिवसांनी बनवतात? रोज टाके झाळताना जो धूर होतो तो वाईटच, पण ज्या दिवशी झाळ बनते तो दिवस माझ्या मते सर्वांत घातक असतो.

मान फिरवण्याबद्दल बोलायचे तर डोळ्यांना दिसणारा धूर हा या धुराचा फार थोडा भाग असतो. उकळून निघालेल्या वाफेचे जे कण बनतात त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर कल्पना येईल. इतके बारीक कण खाली बसत नाहीत. ते खोलीभर पसरतात, छताच्या पंख्याने आणखी पसरतात आणि बाबांनी मान परत वळवली तरी तिथेच असतात. केडीएम झाळीत साधारण ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असते, म्हणजे दहा ग्रॅम झाळीत ८०० मिलिग्रॅम. त्यांपैकी फक्त एक मिलिग्रॅम उडाले असे समजू. ज्या कारागिराचा हात गुंजेच्या हिशेबाला सरावलेला आहे त्याच्या भाषेत सांगायचे तर हा गुंजेचा सुमारे एकशेविसावा भाग झाला. तराजूत तो धड दिसणारही नाही. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. तेवढ्या हवेत हे एक मिलिग्रॅम पसरले तर दर घनमीटरला जवळपास ३५ मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रॅम) कॅडमियम होते. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने १९९२ साली आठ तासांच्या पाळीसाठी ठरवलेली सरासरी मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. दारे-खिडक्या उघड्या असतील तर आकडा झपाट्याने उतरेल, हे खरे; पण फुंकणीची ज्योत हलू नये म्हणून झाळताना खिडकी लावून घेण्याची सवय अनेक कारागिरांना असते, आणि तुमच्या माळ्यावरही बहुधा तसेच होत असेल.

हा कण नाकातून आत गेल्यावर पुढे काय होते ते त्याच्या आकारावर ठरते. दहा मायक्रॉनच्या आसपासचे जाडसर कण नाकात, घशात आणि श्वासनलिकेच्या वरच्या फांद्यांमध्ये अडकतात. तिथल्या ओलसर अस्तरावर सूक्ष्म केसांची सतत हालचाल चालू असते. ती कफासह हा कचरा वर ढकलते, आणि आपण तो थुंकतो किंवा नकळत गिळतो. गिळलेले कॅडमियम आतड्यात जाते. तिथे त्यातले साधारण पाच टक्केच शोषले जाते, बाकीचे शौचावाटे निघून जाते. अन्नातून येणाऱ्या कॅडमियमच्या बाबतीत आतडे असे पहारेकऱ्याचे काम करते.

फुप्फुसाच्या तळाशी असा पहारेकरी नाही. झाळीच्या धुरातले बारीक कण थेट वायुकोशांत पोहोचतात. तिथे सूक्ष्म केस नाहीत, कफाचा सरकता पट्टा नाही. वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की ऑक्सिजन तिच्यातून सहज आरपार जावा, आणि त्या पातळपणाचाच इथे तोटा होतो. वायुकोशात बसलेल्या कॅडमियमपैकी निम्म्याहून जास्त, कधी कधी जवळपास सगळे, काही काळाने रक्तात उतरते. नाकातून आत गेलेल्या एकूण कॅडमियमचा विचार केला तर सरासरी चौथा हिस्सा शरीरात राहतो असे धरले जाते. कण जितके बारीक तितका हा हिस्सा वाढतो. तोंडावाटे पाच टक्के आणि श्वासावाटे पंचवीस किंवा त्याहून अधिक, हा फरक मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण ‘अन्नातही असतेच की’ असे उत्तर अनेक कारागिरांकडून येते.

कॅडमियम कोणत्या संयुगाच्या रूपात आत जाते यानेही थोडा फरक पडतो. क्लोराइड आणि सल्फेट पाण्यात चटकन विरघळतात, त्यामुळे ते फुप्फुसातून लवकर रक्तात जातात. पिवळ्या रंगात वापरले जाणारे सल्फाइड जवळजवळ विरघळत नाही. ते फुप्फुसातच जास्त काळ पडून राहते. कॅडमियम ऑक्साइड पाण्यात न विरघळणारे म्हणून ओळखले जाते, आणि त्यामुळे ते निरुपद्रवी असावे असा गैरसमज होऊ शकतो. प्रत्यक्षात फुप्फुसातल्या द्रवात आणि तिथल्या भक्षक पेशींच्या पोटातल्या आम्लात त्याचा फारसा निभाव लागत नाही. ते विरघळते आणि क्लोराइडच्याच वाटेने रक्तात जाते. बाबांचा संबंध याच ऑक्साइडशी येतो.

रक्तात आल्यावर कॅडमियम प्रथम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून यकृतात पोहोचते. तिथे यकृत एक वेगळेच प्रथिन तयार करू लागते, त्याचे नाव मेटॅलोथायोनिन. हे १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले, आणि ते सापडले त्याचे कारणच हे होते की त्याच्यात कॅडमियम भरलेले होते. गंधकयुक्त घटकांनी भरलेले हे छोटेसे प्रथिन कॅडमियमला घट्ट पकडून ठेवते. पकडलेले कॅडमियम पेशीला त्रास देत नाही, म्हणून याला शरीराची संरक्षणयंत्रणा म्हणायला हरकत नाही. पण या संरक्षणाची किंमत पुढे मूत्रपिंडाला मोजावी लागते. यकृतातून हळूहळू सुटणारी ही जोडगोळी इतकी लहान असते की मूत्रपिंडाच्या गाळणीतून ती सहज खाली उतरते. आता ती लघवीवाटे निघून गेली असती तर प्रश्न मिटला असता. पण गाळणीच्या पुढच्या नलिकेचे कामच असे की चुकून गळलेली उपयोगी प्रथिने परत आत ओढायची. ती नलिका मेटॅलोथायोनिनलाही उपयोगी प्रथिन समजून परत घेते, फोडते, आणि आतले कॅडमियम तिच्या पेशीत मोकळे होते. मग त्या पेशी स्वतःचे मेटॅलोथायोनिन बनवून ते पुन्हा बांधून ठेवतात. हे वर्षानुवर्षे चालते. शरीरातल्या एकूण कॅडमियमपैकी निम्म्याच्या आसपास यकृत आणि मूत्रपिंडे या अवयवांतच साठलेले असते. रोज लघवीवाटे जे बाहेर पडते ते एकूण साठ्याच्या दहा हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून कमी. दुकानातल्या गल्ल्यात रोज रुपया पडत राहावा आणि बाहेर काढायला फक्त सुईच्या नाकाएवढे भोक असावे, तशी ही स्थिती आहे.

साठा किती झाल्यावर अपाय होतो, हे तुम्ही विचारलेले नाही, पण सांगतो. धंद्याचा संबंध नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या माणसाच्या शरीरात पन्नाशीच्या पुढे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम कॅडमियम असते. पुन्हा गुंजेचा हिशेब: गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची, म्हणजे आयुष्यभराची सगळी जमा पाव गुंजेच्या आतली. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास कॅडमियम साचले की नलिका खराब होण्याचा संभव बराच वाढतो, असे अनेक वर्षे मानले गेले आहे. नंतरच्या अभ्यासांत त्याहून कमी पातळीलाही सूक्ष्म बदल दिसले. दोन्ही मूत्रपिंडांचा तो थर साधारण दोनशे ग्रॅमचा धरला, तर ही मर्यादा ४० मिलिग्रॅमची, म्हणजे गुंजेचा तिसरा हिस्सा झाली. तराजूतल्या गुंजेच्या तिसऱ्या हिश्शाला बाबा किती जपत असतील, हे तुम्ही मला सांगायला नको.

रोजच्या जमेची तुलनाही करून पाहू. ही बोटांवरची गणिते आहेत, प्रयोगशाळेची नव्हेत. अन्नातून दिवसाला दहा ते तीस मायक्रोग्रॅम कॅडमियम पोटात जाते, त्यातले एक मायक्रोग्रॅमच्या आसपास शोषले जाते. हवेत मर्यादेइतके, म्हणजे ५ मायक्रोग्रॅम असलेल्या खोलीत आठ तास काम करणारा माणूस साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. त्याच्या पदरात रोज बारा-तेरा मायक्रोग्रॅम पडतात. सिगारेटच्या एका नळीत एक ते दोन मायक्रोग्रॅम असते आणि त्याचा सुमारे दहावा भाग धुरातून आत जातो, म्हणून रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या खात्यात अन्नाइतकीच आणखी भर पडते. तंबाखूचे पान जमिनीतले कॅडमियम स्वतःत गोळा करणारे आहे, आणि बिडीतही तंबाखूच असतो. बाबांना एकाच वेळी दोन्ही गोष्टी सोडायला सांगितल्या तर ते कदाचित एकही सोडणार नाहीत. दोहोंतून एकच निवडायची वेळ आली तर झाळ आधी बदलायला सांगा. पण झाळताना आणि माळ्यावर असताना बिडी नको, यावर मात्र अडून राहा. बोटांवरची भुकटी बिडीला लागते आणि पेटत्या टोकाशी तिचा पुन्हा धूर होतो.

गुळाबद्दल. ही समजूत आपल्याकडच्या गिरण्यांपासून खाणींपर्यंत सगळीकडे आहे, आणि ती अगदीच निराधार म्हणून झटकून टाकता येत नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, त्यांत गूळ दिल्यावर कोळशाचे आणि सिलिकाचे कण फुप्फुसातून हलण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. पण तो विषय न विरघळणाऱ्या धुळीचा होता. विरघळून रक्तात गेलेले आणि मूत्रपिंडात बांधले गेलेले कॅडमियम गुळाने हलत नाही. दुधाचेही तसेच: आहारात कॅल्शियम पुरेसे असेल तर आतडे कॅडमियम कमी शोषते, फुप्फुस मात्र दूध प्यायले की नाही याची चौकशी करत नाही.

आता बाबांच्या तक्रारी. धंद्यातल्या कॅडमियमचा पहिला मोठा अभ्यास स्वीडनमध्ये लार्स फ्रीबर्ग यांनी बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवर केला आणि तो १९५० साली प्रसिद्ध झाला. कॅडमियम ऑक्साइडची धूळ वर्षानुवर्षे श्वासात घेतलेल्या त्या कामगारांच्या फुप्फुसांत वातस्फीती (वायुकोश फुगून निकामी होण्याचा विकार) दिसली आणि लघवीत प्रथिने. वास न येण्याची तक्रारही अशा कामगारांत आढळली आहे. मूत्रपिंडाची नलिका बिघडली की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जाऊ लागते, त्यातून मुतखडे होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. तेव्हा बाबांचा मुतखडा आणि हरवलेला वास या चित्रात बसतात. पण ते फक्त याच चित्रात बसतात असे नाही: उन्हाळ्यात कमी पाणी पिऊन बसून काम करणाऱ्या कोणालाही खडा होतो, आणि वास जायला बिडी, नाकातली वाढ किंवा एखादा जुना संसर्गही पुरतो. त्यामुळे घाबरून न जाता, पण टाळाटाळही न करता तपासणी करावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली कॅडमियम आणि त्याच्या संयुगांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, तेही मुख्यतः श्वासावाटे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगावरून. तीस वर्षे धूर आणि बिडी असलेल्या माणसाची फुप्फुसे म्हणूनच डॉक्टरांनी एकदा नीट पाहावीत.

तपासणीच्या बाबतीत तुमची जी फसगत झाली ती फार जणांची होते. लघवीत बुडवायची पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन दाखवते. कॅडमियममुळे सुरुवातीला जी प्रथिने गळतात ती त्याहून कितीतरी लहान असतात, आणि पट्टीला ती दिसतच नाहीत. म्हणून ‘निगेटिव्ह’ या शब्दावर समाधान मानू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी मागा: लघवीतील कॅडमियम, लघवीतील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन (अशाच लहान प्रथिनांपैकी एक), आणि दोन्ही आकडे क्रिएटिनिनच्या, म्हणजे लघवी किती दाट आहे ते दाखवणाऱ्या पदार्थाच्या, प्रमाणात. जोडीला रक्तातील कॅडमियम. लघवीतला आकडा शरीरातला एकूण साठा सांगतो. रक्तातला आकडा मुख्यतः गेल्या काही महिन्यांची आवक सांगतो. रक्तातला वेगाने उतरणारा भाग साधारण तीन महिन्यांत निम्मा होतो, त्यामुळे चार महिने काम बंद असताना कोणी फक्त रक्त तपासले असते तर आकडा छान आला असता आणि बाबांचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले असते. वर सांगितलेल्या अमेरिकी नियमात सावधगिरीच्या रेषा अशा आहेत: लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनला ३ मायक्रोग्रॅम कॅडमियम, रक्तात दर लिटरला ५ मायक्रोग्रॅम, आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन दर ग्रॅम क्रिएटिनिनला ३०० मायक्रोग्रॅम. यांपैकी एकही ओलांडली तर मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे जा.

नमुना देतानाची एक बारीकशी गोष्ट: बाबांनी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हात साबणाने धुऊन, प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतच नमुना द्यावा, आणि तोही माळ्यावरून उतरल्या उतरल्या नव्हे. नखातल्या भुकटीचा एक कण डबीत पडला तरी अहवाल भलताच येतो. शिवाय बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आम्लयुक्त लघवीत लवकर नाश पावते, म्हणून नमुन्याची आम्लता पाहायला प्रयोगशाळेला आठवण करा.

साठा काढून टाकणारे औषध आहे का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईलच. शिसे काढण्यासाठी वापरतात तशा औषधांनी मूत्रपिंडात बसलेले जुने कॅडमियम कमी झाल्याचे खात्रीलायकरीत्या दिसलेले नाही, आणि त्यांतली काही औषधे कॅडमियम यकृतातून सोडवून उलट मूत्रपिंडावरच नेऊन टाकू शकतात. ‘डिटॉक्स’च्या नावाखाली कोणी सलाईन किंवा काढा देऊ केला तर घेऊ नका. आवक थांबवणे, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, आणि डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या न खाणे, एवढेच खरे उपाय आहेत.

आवक थांबवायची म्हणजे झाळ बदलायची. जस्त, तांबे, चांदी, कथील यांच्या मिश्रणाच्या कॅडमियममुक्त झाळी बाजारात मिळतात. युरोपीय संघाने तर डिसेंबर २०११ पासून दागिन्यांत आणि झाळीच्या धातूत कॅडमियमला बंदी घातली, आणि तिथले सराफ काही धंदा सोडून बसले नाहीत. नवी झाळ थोड्या वेगळ्या तापमानाला वाहते, सवागी (टाकणखार) किती लावायची याचा अंदाज बदलतो, आणि पहिले काही दिवस टाका जाड दिसतो, ही बाबांची तक्रार खरी असणार. तीस वर्षांचा हात पंधरा दिवसांत तिला सरावेल, असा माझा अंदाज आहे. शिवाय ‘केडीएम’ ही शुद्धतेची खूण नाही, ते फक्त झाळीचे नाव आहे. ग्राहक आता हॉलमार्क पाहतो, हेही त्यांच्या लक्षात आणून द्या.

झाळ बदलेपर्यंत रुमाल बांधून काम भागवू नका. कापडाची भोके धुराच्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात. चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क त्यापेक्षा बरा, पण दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो. एक्झॉस्ट पंखा बाबांच्या पाठीमागे नको, कारण मग धूर त्यांच्या नाकावरून जातो. तो मुशीच्या पलीकडच्या बाजूला, शक्य तितका जवळ हवा.

एक धोका तातडीचा आहे आणि तो घरातल्या सर्वांनी माहीत करून घ्यावा. बंद खोलीत एकदाच जास्त धूर आत गेला तर त्या वेळी घशाला थोडी खवखव होते, यापलीकडे काही जाणवत नाही. चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे सुरू होते. जस्ताच्या धुरानेही असाच ताप येतो आणि तो एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कारागीर तो अंगावर काढतात. कॅडमियमचा मात्र उतरत नाही. फुप्फुसात पाणी भरत जाते. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीवरील पुलाच्या कामात कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट गॅसच्या ज्योतीने कापताना पाच कामगारांना ही बाधा झाली आणि त्यांतला एक दगावला. तेव्हा झाळ बनवलेल्या दिवशी रात्री ताप-खोकला आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा, आणि तिथे पहिल्या वाक्यात ‘कॅडमियमचा धूर’ हे शब्द सांगा. नाहीतर फ्लू समजून गोळ्या देऊन घरी पाठवतील.

आता आईंविषयी, कारण पत्रात त्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे आणि मला तो तसा वाटला नाही. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईच्या शरीरात लोहाची कमतरता असण्याची शक्यता मोठी. लोह कमी पडले की आतडे ते मिळवण्यासाठी आपली दारे जास्त उघडते, आणि त्याच दारातून कॅडमियमही आत येते. पाच टक्क्यांचे शोषण अशा वेळी दोन-तीन पटींनी वाढू शकते. शिवाय कोरड्या केरसुणीने माळा झाडताना जमिनीवर बसलेले ऑक्साइड पुन्हा हवेत उठते ते वेगळेच. त्यांच्या अशक्तपणाचे कारण शोधून उपचार सुरू करा, आणि त्यांचीही लघवीची तपासणी बाबांसोबतच करून घ्या. माळा यापुढे ओल्या फडक्याने पुसावा, आणि ते काम आईंनी नव्हे तर बाबांनी मास्क लावून करावे. बाबांचे कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. नातवंडे असतील तर त्यांना माळ्यावर सोडू नये.

पुसलेला कचरा टाकून द्या असे मी सांगणार नाही, कारण त्यात सोने असते आणि वर्षअखेरीला तो झारेकरी, म्हणजे कचऱ्यातून सोने काढणारा, घेऊन जातो हे मला ठाऊक आहे. तो ओलसर ठेवून झाकणाच्या डब्यात भरा. डबा देताना झारेकऱ्याला मात्र त्यात कॅडमियम आहे हे स्पष्ट सांगा. तो कचरा आधी भाजतो आणि मग धुतो, आणि भाजताना वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे ते त्याला तुमच्या सांगण्यावरूनच कळणार आहे.